जुन्या हॉलिवूड एपिकची डिस्क घेताना लोकांची मतं कशी वाचायची

इस्टर जवळ आला की आमच्या फोंड्याच्या ग्रुपवर कोणीतरी हमखास विचारतं, ‘बेन हर’ या जुन्या हॉलिवूड सिनेमाची चांगली डिस्क कुठली, घेऊ का नको, ऑनलाइन बघितलं तर एकजण पाच स्टार देतो नि त्याच्याच खाली दुसरा एक स्टार देऊन पैसे फुकट गेले म्हणतो, मग माणसाने करायचं काय? म्हणून हे एकदा सविस्तर लिहितोय. मला हा सिनेमा फार जवळचा आहे आणि कोणाचं तरी अर्धवट मत वाचून लोक तो बघायचेच राहतात हे मला खरंच लागतं.

सगळ्यात आधी स्टारांकडे बघायचं बंद करा. मत कशाबद्दल दिलंय ते शोधा. ऑनलाइन दुकानांत बऱ्याचदा एकाच नावाच्या सगळ्या वस्तूंची मतं एका ढिगात पडलेली असतात. विल्यम वायलरचा, चार्लटन हेस्टनवाला ‘बेन हर’ 1959चा, 2016मध्ये त्याच नावाचा नवीन सिनेमा आला तो वेगळा, आणि 1925चा मूकपट आहे तो आणखी वेगळा, जो 1959वाल्याच्या काही सेटमध्ये जादा डिस्क म्हणून मिळतो. त्यामुळे ‘ग्राफिक्स खोटे वाटतात’ असं कोणी लिहिलं असेल तर तो माणूस बहुतेक नवीन सिनेमाबद्दल बोलतोय, 1959च्या सिनेमात कॉम्प्युटर कुठून येणार? मतावरची तारीख बघा, डीव्हीडी आहे का ब्लू-रे ते बघा. ‘खोका चेपलेला आला’ हे कुरिअरबद्दलचं मत, सिनेमाबद्दलचं नाही, ते सोडून द्यायचं.

आता मोठी तक्रार, जी शंभर ठिकाणी वाचायला मिळते, की चित्र पूर्ण स्क्रीनभर येत नाही, वर-खाली काळ्या पट्ट्या आहेत. ही तक्रार दिसली की मी तर खूश होतो, कारण याचा अर्थ डिस्क बरोबर आहे! हा सिनेमा 65 मिलिमीटरच्या निगेटिव्हवर शूट केलाय, एमजीएम या स्टुडिओच्या ‘एमजीएम कॅमेरा 65’ नावाच्या पद्धतीने, आणि त्याचं चित्र उंचीच्या 2.76 पट रुंद आहे, इतकं रुंद चित्र फार थोड्या सिनेमांना मिळालंय. आपला टीव्ही 16:9, म्हणजे उंचीच्या 1.78 पट. घरात 43 इंची टीव्ही असेल तर पट्टी घेऊन मोजा, पडदा साधारण 95 सेंटीमीटर रुंद नि 53 उंच, आणि त्यात हे चित्र बसतं जेमतेम 34 सेंटीमीटर उंचीचं, वर साडेनऊ आणि खाली साडेनऊ काळं. बघायला चिंचोळं वाटतं हे खरं, पण रिमोटवरचं झूम दाबलंत तर पट्ट्या जातात आणि त्यांच्याबरोबर चित्राची जवळजवळ 36 टक्के रुंदीसुद्धा जाते. रथांच्या शर्यतीत नायक ज्युडाचे चार पांढरे घोडे एका ओळीत धावतायत आणि बाजूने त्याचा वैरी मेसालाचा तो चाकाला पाती लावलेला रथ घासत येतोय, तेव्हा झूम केलेलं असेल तर कोण कोणाला घासतोय तेच कळत नाही. त्यामुळे झूम बंद, टीव्हीचा पिक्चर साइज ‘ओरिजिनल’ किंवा ‘जस्ट स्कॅन’वर, आणि सरळ सोफा पुढे ओढा. हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसून हा सिनेमा बघायचा नसतोच.

याच्या उलट ‘गॉन विथ द विंड’. तो 1939चा, चित्र जवळजवळ चौकोनी, तिथे पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूला येणार आणि त्याही बरोबरच आहेत. 1967मध्ये हाच सिनेमा 70 मिलिमीटरवर रुंद करून दाखवायला म्हणून वरचा-खालचा भाग कापला होता, तेव्हा रुंद म्हणजे चांगलं असं काही नसतं, मूळ आकार कुठला ते बघायचं.

दुसरी तक्रार, ‘डिस्क सुरू केली तर काहीच दिसत नाही, नुसतं म्युझिक’. ते ओव्हर्चर असतं. संगीत नाटकात पडदा वर जायच्या आधी नांदी होते तसंच, लोकांनी जागेवर बसावं, गप्पा थांबाव्यात. आपल्या गोव्यात ज्यांनी देवळाच्या मांडवात नाटकं बघितलीत त्यांना हे वेगळं सांगायला नको. ‘बेन हर’मध्ये मिक्लोश रोझाचं संगीत वाजतं आणि चित्र हलत नाही, ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’त तर चारेक मिनिटं काळाच पडदा. पुढे ढकलू नका, दिवे मालवून ऐका. आणि ‘बेन हर’च्या सुरुवातीला एमजीएमचा सिंह गरजत नाही म्हणून आवाज बिघडलाय असं समजून प्लेयर तपासत बसू नका, येशूच्या जन्माच्या प्रसंगाआधी डरकाळी नको म्हणून वायलरने तो मुद्दाम गप्प ठेवलाय.

‘सीन कापलेत, आठ मिनिटं कमी आहेत’ ही तक्रार मात्र नीट वाचावी लागते. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमने चालतो, पण पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर, जी आपल्याकडे आणि युरोपात चालते, तो 25 फ्रेमने पळवतात. म्हणजे दर शंभर मिनिटांमागे चार मिनिटं वाचतात, साडेतीन तासांच्या सिनेमात आठेक मिनिटं गेलीच, एकही सीन न कापता. आवाज किंचित चढा लागतो, कान तयार असेल तर कळतं. ब्लू-रेवर हा प्रकार सहसा नसतो. तेव्हा मत देणाऱ्याने कुठला सीन गेला ते नेमकं लिहिलंय का बघा, नुसती मिनिटं मोजली असतील तर घाबरू नका.

मग चित्रातले दाणे, ग्रेन. ‘एवढी महाग ब्लू-रे आणि चित्रात मुंग्या’ असं लिहिलेलं असतं. फिल्मवर दाणा असतोच, तो फिल्मचा पोत आहे. काढून टाकायला गेलं की चेहऱ्याची कातडी, कपड्याची वीण सगळं त्याबरोबर पुसलं जातं आणि माणसं मेणाची दिसायला लागतात. ‘स्पार्टाकस’च्या 2010च्या ब्लू-रेवर याचसाठी जाणकारांनी सडकून टीका केली होती. 2015मध्ये जुने सिनेमे दुरुस्त करणाऱ्या रॉबर्ट हॅरिसच्या देखरेखीखाली नवीन रिस्टोरेशन होऊन परत डिस्क आली, ती बघितली की फरक डोळ्यांत भरतो. त्यामुळे ‘स्पार्टाकस’ घेताना वर्ष बघितल्याशिवाय घेऊ नका, आणि कुठल्याही जुन्या सिनेमाबद्दल कोणी ‘चेहरे प्लॅस्टिकचे वाटतात’ लिहिलं असेल तर ते मत दोनदा वाचा, ते कामाचं असतं. आता प्लॅस्टिक कधीकधी टीव्हीमुळेही दिसतं हां, मोशन स्मूदिंग, म्हणजे टीव्हीने स्वतःच मधल्या फ्रेम घालून हालचाल गुळगुळीत करणं, चालू असेल तर 1959चा सिनेमा सिरियलसारखा दिसतो, सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा, शार्पनेस खाली आणा, फिल्ममेकर मोड असेल तर तोच लावा.

डिस्क चालतच नाही असं लिहिणारे लोक बहुतेक रीजनमध्ये, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेयरवर चालेल त्या कोडमध्ये, अडकलेले असतात. आपल्याकडे तर हे फार होतं, घरातलं कोणीतरी यूकेला असतं आणि येताना प्रेमाने डिस्क आणून देतं. डीव्हीडीला भारत रीजन 5, युरोप 2, अमेरिका 1. ब्लू-रेला भारत सी, युरोप बी, अमेरिका ए. बऱ्याच ब्लू-रे सगळीकडे चालतात, पण खोक्याच्या मागचं चिन्ह बघायला सांगा आणि मगच आणायला सांगा. 4के डिस्कला रीजन नसतो, पण त्याला 4के प्लेयरच लागतो.

‘मध्येच उठून डिस्क बदलावी लागते’ हीसुद्धा तक्रार नव्हे. ‘बेन हर’च्या 2011च्या ब्लू-रेमध्ये सिनेमा दोन डिस्कवर आहे, चित्राचा दर्जा राखायचा तर एवढी जागा लागतेच. फक्त एक ध्यानात ठेवा, मध्यंतर बराच उशिरा येतो आणि रथांची शर्यत त्याच्यानंतर आहे. जेवण मध्यंतराला ठेवलंत तर उपाशी बसाल. शीत-कडी आटपूनच सुरू करा. पावसाळ्यात वीज गेली तर बऱ्याच ब्लू-रे जिथे थांबल्या तिथून परत सुरू होत नाहीत, पहिल्यापासून चालू होतात, म्हणून चॅप्टर नंबर कागदावर लिहून ठेवायची सवय लावा.

संवाद ऐकू येत नाहीत आणि संगीत मात्र कान फाडतं, हे वाचलं तर त्या माणसाने टीव्हीच्याच स्पीकरवर 5.1, म्हणजे सहा स्पीकरांसाठीचा आवाज, लावला असण्याची शक्यता जास्त. प्लेयरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्टिरिओ पीसीएम (दोन स्पीकरांचा साधा आवाज) करा, बराच फरक पडतो.

आणि हो, मतांमध्ये गप्पाही फार असतात. शर्यतीत लाल मोटार दिसते, कोणाच्या तरी हातात घड्याळ दिसतं, स्टंट करणारा माणूस खरंच मेला. यातलं काही खरं नाही. हेस्टनच्या जागी स्टंट करणारा जो कॅनट रथावरून पुढे फेकला गेला होता हे खरं, हनुवटीला जखम झाली नि वाचला, आणि तो शॉट सिनेमात तसाच आहे, त्यापुढे हेस्टन परत रथावर चढताना दाखवलाय. डिस्कवर तेवढाच भाग थांबवून थांबवून बघा.

सेकंडहँड घेत असाल तर गोव्यातल्याच माणसाचं मत जास्त विचारा, कारण आपल्या दमट हवेत कपाटात पडलेल्या डिस्कवर बुरशी येते. डिस्क उजेडात तिरकी धरा, पांढुरके ठिपके दिसले तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही, आणि सावलीत वाळवा. सिलिका जेलची पुडी खोक्याच्या शेजारी ठेवली तर पुढचा पावसाळा निघतो.

बघून झालं की स्वतःचं मत लिहा, खरंच लिहा, पण नुसतं मस्त किंवा बकवास नको. डिस्कवरचं वर्ष, डीव्हीडी का ब्लू-रे, रीजन, टीव्ही किती इंची, सबटायटल कुठल्या भाषेत आहेत आणि एखादा सीन कसा दिसला तो. गॅलीतल्या, म्हणजे वल्ह्यांच्या जहाजातल्या, गुलामांच्या प्रसंगात अंधारातले चेहरे ओळखू आले का नाही, एवढं एक वाक्य जरी लिहिलंत तरी पुढच्या माणसाला डिस्क घ्यायची का नाही ते कळतं.