जर्मनीला निघालाय ना, मग फाइल घेऊन बसा आधी

सुट्टीला घरी आलेय, कोल्हापुरात राजारामपुरीत. काल गल्लीतल्या दोघीजणी येऊन गेल्या, एक बी.फार्म झालेली, लग्न करून नवऱ्याकडं ब्रेमेनला चाललीय, दुसरी बीडीएस, म्हणजे डेंटिस्ट. दोघींचं एकच, ताई आपली डिग्री चालते का हो तिकडं? मी पण २०१५ ला अशीच गेले होते, बॅगेत बी.फार्मची डिग्री आणि चालेल की, न चालायला काय झालं असं डोक्यात, आणि पुढची साडेतीन वर्षं मी बेकरीत पाव विकत होते. कामाची लाज नाही, पण आधी माहीत असतं तर त्यातली दोन वर्षं तरी नक्की वाचली असती, म्हणून लिहितेय.

आयटीवाल्यांना फारसा त्रास नाही, कंपनीला पटलं की झालं. पण डॉक्टर, डेंटिस्ट, फार्मासिस्ट, नर्स, शिक्षक यांना सरकारची परवानगी लागते, त्याशिवाय त्या पदावर कामच करता येत नाही. फार्मसीत तिला आप्रोबात्सिऑन म्हणतात. डिग्री कुठल्याही देशाची असू दे, ती तपासून घ्यायचा हक्क २०१२ च्या कायद्यानं दिलाय. आपलं बी.फार्म चार वर्षांचं, त्यांचं प्रॅक्टिकलचं वर्ष धरून पाच, त्यामुळं फरक निघतोच, मग काय काय कमी पडतंय त्याचं पत्र येतं आणि केंटनिसप्रूफुंग नावाची परीक्षा द्यावी लागते. पत्र बघून रडू नका, मी रडले होते, पण ते पत्र म्हणजे नकार नव्हे, पुढचा रस्ता त्यातच लिहिलेला असतो.

भाषेचं नीट ऐका. बाहेरनं आलेल्यांसाठीच्या सरकारी इंटिग्रेशन कोर्समध्ये साधारण ६०० तास भाषा शिकवतात आणि तो बी-वन ला, म्हणजे रोजचं बोलता येण्याच्या पातळीला संपतो. युनिव्हर्सिटीला बहुतेक ठिकाणी सी-वन, म्हणजे त्याच्या दोन पायऱ्या वरची भाषा लागते आणि फार्मासिस्टला वर फाखश्प्राखप्रूफुंग, म्हणजे पेशंटला औषध समजावून सांगायचं, डॉक्टरशी बोलायचं, मग लिहून द्यायचं. बी-वन ते सी-वन या मधल्या पट्ट्यातच शिकलेली माणसं अडकतात, कारण घरभाडं थांबत नाही, मिळेल ते काम धरतात, दमून घरी येतात आणि पुस्तक उघडायचं राहून जातं. मी त्यातलीच.

२०१६ ला माझ्या जर्मनच्या क्लासमध्ये शेजारी सीरियातल्या अलेप्पोचा एक निर्वासित फार्मासिस्ट बसायचा. पाच वर्षांचा कोर्स केलेला, तिकडं स्वतःचं दुकान होतं, इथं रात्री गोडाऊनमध्ये पार्सलं उचलायचा. एकदा सुट्टीत आमच्यातल्या एक मावशी सर्दीची गोळी घ्यायला लागल्या, यानं स्ट्रिप हातात घेतली, उलटी करून आतलं औषध वाचलं आणि मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, बीपीची गोळी चालू आहे का? चालू होती. स्यूडोएफेड्रिन होतं त्यात, बीपी वाढवणारं. त्यानं ती परत पाकिटात घालून डॉक्टरांना विचारा म्हणून सांगितलं. आणि हा माणूस रात्री खोके उचलत होता.

त्याच्याकडं ओरिजिनल काहीच नव्हतं, मोबाइलमध्ये मार्कशीटचा फोटो तेवढा, त्यावर घडीची रेघ नेमकी फार्माकॉलॉजीच्या मार्कांवरनं गेलेली. एका ऑफिसात त्याला सांगितलं, युनिव्हर्सिटीचा शिक्का मारलेली कॉपी मागवा. लष्करभरती चुकवून निघालेला माणूस त्याच सरकारकडं कागद मागणार कसा, घरचे अजून तिथंच होते. माझा भाऊ मात्र विद्यानगरला शिवाजी विद्यापीठात दोन चकरा मारून माझं सगळं घेऊन आला. फरक हुशारीचा नव्हता हो, एवढाच होता.

पण अशा माणसांसाठी वाट आहे, आणि ती त्याला फार उशिरा कळली याचा मला अजून राग येतो. स्वतःची चूक नसताना कागद आणता येत नसतील तर फार्मासिस्टला थेट केंटनिसप्रूफुंग देता येते. युनिव्हर्सिटीत प्रवेशासाठी पण डिसेंबर २०१५ पासून ठरलेली पद्धत आहे, कागद नसतील तर तुमच्याकडनं शिक्षणाची सगळी हकिगत घेतात, जे पुरावे असतील ते बघतात, गरज पडली तर परीक्षा घेतात. क्लासमध्ये शेजारी असं कुणी बसलेलं असेल तर त्याला हे आजच सांगा. दुसरं एक, जॉबसेंटरचे, म्हणजे काम नसलेल्यांना सरकार देतं ते पैसे चालू असतील आणि फुलटाइम कॉलेजला नाव घातलं तर ते पैसे साधारणपणे बंद होतात, आधी बाफोग म्हणजे सरकारी शिक्षणमदत मिळते का ते विचारा आणि मगच सही करा. जगभरात कॉलेजच्या वयातल्या शंभर निर्वासित पोरांतली २०२३ च्या आसपास जेमतेम ७ कॉलेजात पोचत होती, २०१९ च्या आसपास तर ३ होती. २०३० पर्यंत १५ करायचं यूएनएचसीआरनं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेनं ठरवलंय.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागनं एक बोर्डिंगं काढली, कारण नुसता प्रवेश देऊन भागत नाही, गावाकडनं आलेलं पोरगं झोपणार कुठं आणि जेवणार काय हे त्यांना माहीत होतं. आणि आमच्या मामाच्या वळिवड्याला १९४३ ते ४८ पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यांच्या स्वतःच्या शाळा होत्या तिथं, ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीतनं आलेले सिंधी राहिले, तेच आजचं गांधीनगर. हे मी त्या अलेप्पोवाल्याला सांगितलं तर तो सगळं ऐकून म्हणाला, त्या पोरांच्या मार्कशीटवर शिक्का कुणाचा होता? मला उत्तर देता आलं नाही. नंतर तो केंटनिसप्रूफुंग पास झाला, पहिला फोन आईला केला, दुसरा मला.

तर आता तुमचं. डिग्री, सगळ्या वर्षांच्या मार्कशीटा, ट्रान्सक्रिप्ट, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमच्या बॅचचा सिलॅबस, विषयवार तासांसकट, कॉलेजचा शिक्का मारून. तो तिकडं बसून मागवायला जीव जातो. भाषांतर इथं घाईघाईत करून घेऊ नका, कुणाचं चालतं ते तिथल्या ऑफिसला मेल करून विचारा. नवऱ्याला नोकरी आहे, मी बघीन नंतर, असं तर अजिबात म्हणू नका, पोचल्या पोचल्या अर्ज टाका, उत्तर यायला महिने लागतात तोवर भाषा होते.

मी महिनाअखेरपर्यंत इथं आहे. त्या दोघी शनिवारी पाचला फाइल घेऊन येणार आहेत, ओळखीतल्या कुणाला यायचं असेल तर त्यांच्याबरोबर या. सिलॅबस नसेल तर शुक्रवारच्या आत कॉलेजला जाऊन अर्ज तरी देऊन या.