अवॉर्ड विरोधात गेलाय? कोर्टात जायच्या आधी एवढं बघा

आर्बिट्रेशनचा अवॉर्ड, म्हणजे लवादाचा (दोन्ही पार्ट्यांचा वाद सोडवायला नेमलेल्या पंचाचा) निकाल, विरोधात आला की कॉन्ट्रॅक्टर वकिलाला फोन करतो आणि पहिलंच वाक्य असतं, "साहेब, अपील टाकायचंय." गडबड तिथूनच सुरू होते, कारण हे अपील नसतंच. १९९६ च्या लवाद कायद्याचं कलम ३४ आहे, त्याखाली अवॉर्ड रद्द करा असा अर्ज करता येतो, तेवढंच. कोर्ट एमबी (साईटवरच्या मोजमापाचं पुस्तक) उघडून तुमचं खोदकाम किती घनमीटर झालं ते परत मोजत नाही, आणि लवादाने साक्षीदारावर विश्वास का ठेवला नाही हेही विचारत नाही. मी वकील नाही, साईट बिलिंगवरून कॉन्ट्रॅक्ट्सकडे आलेला माणूस आहे, असल्या फायली वकिलांना लावून देतो, त्यातून जे शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट, पाकीट फेकू नका. हो, अवॉर्ड ज्या पाकिटातून आला ते पाकीट. त्यावरचा पोस्टाचा शिक्का आणि तुमच्या ऑफिसचा आवक शिक्का, सगळं गणित तिथून सुरू होतं. लवादाची सही असलेली प्रत पार्टीला मिळाली त्या दिवसापासून तीन महिने. समोरच्या पार्टीने आणून दिलेली झेरॉक्स धरत नाहीत, यावर सुप्रीम कोर्टाचा २०११ चा एआरके बिल्डर्सचा निकाल आहे आणि त्यात दुसरी पार्टी आपलं महाराष्ट्र सरकारच होतं. पण या मुद्द्यावर जिंकू म्हणून निवांत बसू नका, तो बुडताना धरायचा ओंडका आहे, होडी नाही. एका ओळखीच्या फर्ममध्ये अवॉर्ड साईट ऑफिसला गेला, स्टोअरकीपरने सही करून घेतला आणि सिमेंटच्या चलनांच्या फाईलखाली ठेवून दिला, मालकाला कळलं तेव्हा दोन महिने उलटले होते. सुदैवाने एक महिना हातात होता, पण त्या महिन्यात कोणी नीट झोपलं नाही.

आता मोजायचं कसं. समजा प्रत १२ जानेवारीला मिळाली. तीन महिने म्हणजे १२ एप्रिल, ९० दिवस नाही, कॅलेंडरचे महिने. त्यानंतर उशिराचं पटण्यासारखं कारण दिलं तर कोर्ट अजून ३० दिवस देऊ शकतं, म्हणजे १२ मे. त्यापुढे एक दिवसही नाही, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय आणि २००१ च्या पॉप्युलर कन्स्ट्रक्शनच्या निकालाने ते पक्कं झालं. आणि इथेच आपल्याकडचा खास खड्डा आहे. १२ मे ला कोर्टाची उन्हाळी सुट्टी चालू असते, मग लोक म्हणतात कोर्ट उघडलं की पहिल्या दिवशी टाकू. मूळ तीन महिने सुट्टीत संपले तर ती सवलत मिळते, पण वाढीव ३० दिवस सुट्टीत संपले तर नाही मिळत. २०१२ मध्येही सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं आणि २०२५ मध्ये परत सांगितलं. म्हणून माझा साधा नियम, तीन महिन्यांच्या आत टाका आणि वाढीव ३० दिवस आहेतच नाहीत असं समजा. अवॉर्डमध्ये बेरीज-वजाबाकीची चूक असेल तर कलम ३३ खाली लवादाकडेच ३० दिवसांत अर्ज करता येतो, मग तीन महिने त्या अर्जाच्या निकालापासून धरतात. पण निव्वळ वेळ काढायला अवॉर्डवर पुन्हा वाद घालणारा अर्ज ३३ च्या नावाने टाकला तर तो अंगाशी येऊ शकतो.

कोर्ट कुठलं? कॉन्ट्रॅक्टमध्ये लवादाची सीट, म्हणजे कायद्याने धरायचं ठिकाण, पुणे लिहिली असेल तर पुण्याचं कोर्ट, सोयीसाठी बैठका मुंबईच्या हॉटेलात झाल्या म्हणून सीट मुंबई होत नाही. पुढं.

खरं काम आता आहे, अवॉर्ड वाचायचं. नुसतं शेवटचं पान नाही, पेन्सिल घेऊन क्लेमवार. एक कागद घ्या आणि चार रकाने पाडा: क्लेम काय, कॉन्ट्रॅक्टचं कलम कुठलं, रेकॉर्डवर कुठला कागद, लवाद काय म्हणाला आणि कुठल्या पानावर. समजा सब-कॉन्ट्रॅक्टरने तुमच्यावर लावलेला क्लेम ४ एस्कलेशनचा, म्हणजे भाववाढीचा. टेंडरमध्ये कलम आहे की वाढीव मुदतीत एस्कलेशन मिळणार नाही, लवादाने त्या कलमाचं नावही न घेता पैसे देऊन टाकले. इथे पेन्सिलने गोल करा, हा मुद्दा आहे. त्याचाच क्लेम ५ आयडलिंगचा, म्हणजे माणसं-मशीन रिकामी बसल्याचा. लवादाने हिंडरन्स रजिस्टर (कामातल्या अडथळ्यांची नोंदवही) बघितलं, दोन अर्थ निघत होते, त्यातला एक घेतला आणि कारण दिलं. तुम्हाला पटलं नाही? सोडून द्या. तो मुद्दा नाही.

कोर्ट ऐकतं ते साधारण असं: नोटीस मिळाली नाही, बाजू मांडू दिली नाही, लवाद नेमण्यातच घोळ होता, जे त्याच्यापुढे नव्हतंच त्यावर निकाल दिला, लाचलुचपत किंवा फसवणूक झाली, किंवा २०१५ च्या दुरुस्तीने आलेली ती 'उघड दिसणारी बेकायदेशीरता'. हा शेवटचा दरवाजा मोठा वाटतो म्हणून सगळे तिथेच गर्दी करतात, पण त्याच कलमात लिहिलंय की कायदा चुकीचा लावला किंवा पुरावा परत तपासायचाय एवढ्यावर अवॉर्ड रद्द होणार नाही.

कोर्टाचा कल कळायला तीन निकाल नीट समजून घ्या. सांगयाँग इंजिनिअरिंग, २०१९, मध्य प्रदेशातल्या हायवे बायपासचं काम. भाववाढीचा फॉर्म्युला करारात होता, एनएचएआयने (राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने) नंतर एकतर्फी परिपत्रक काढून तो बदलला, आणि बहुमताच्या लवादांनी रेकॉर्डवर नसलेल्या सरकारी गाईडलाईन्स कॉन्ट्रॅक्टरला न दाखवता वापरल्या. अवॉर्ड उडाला, अल्पमताचा निकाल कायम झाला. दुसरा बाटलीबॉय विरुद्ध हिंदुस्तान पेट्रोलियम, २०२३, मुंबईतल्या सांडपाणी प्रकल्पाचं काम. ओव्हरहेड आणि नफ्याच्या नुकसानीचा हिशोब लवादाने असा काही केला की काही गोष्टींची दोनदा भरपाई झाली, तो अवॉर्ड टिकला नाही. फॉर्म्युल्यात आकडे घातले की पैसे निघतात असं समजणाऱ्यांनी हा जरूर बघावा. तिसरा उलट बाजूचा, कोकण रेल्वेचा चिनाब पुलाचा वाद, तोही २०२३ चा. लवादाने काढलेला करारातल्या कलमांचा अर्थ पटला नाही म्हणून मुंबई हायकोर्टाच्या खंडपीठाने तो फिरवला, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लवादाचा अर्थ शक्य कोटीतला असेल तर त्यात हात घालायचा नाही.

यावरून अर्ज कसा लिहायचा ते कळतं. मी एकदा ४७ ग्राउंड्सचा (अवॉर्ड रद्द करायच्या कारणांचा) अर्ज बांधून दिला होता, फार अभिमान होता मला त्याचा, सुनावणीत त्यातले दोनच बोलले गेले आणि तेसुद्धा १९ आणि ३१ नंबरचे, न्यायाधीशांना शोधायला लागले. आता पाचच्या वर जात नाही आणि सगळ्यात जोरदार पहिला. प्रत्येकाखाली अवॉर्डचं पान आणि रेकॉर्डचा कागद लावायचा. नवीन कागद आणता येत नाही, २०१९ च्या दुरुस्तीपासून सगळं लवादापुढच्या रेकॉर्डवरूनच दाखवायचं असतं. म्हणून आर्बिट्रेशन चालू असतानाच हरकत लेखी घ्या, तोंडी घेतलेली हरकत मिनिट्समध्ये आली नाही तर ती घेतलीच नव्हती असं धरून चाला. अर्जाआधी समोरच्याला नोटीस द्यायची असते, तीही द्या. आणि अवॉर्डची प्रत जोडायला विसरू नका, हसू नका, लोक विसरतात.

अर्ज टाकला म्हणजे वसुली थांबली असं आता नाही. २३ ऑक्टोबर २०१५ च्या आधी थांबायची. आता स्टेसाठी, म्हणजे वसुलीला स्थगिती मिळवायला, वेगळा अर्ज करायचा, आणि पैशाचा अवॉर्ड असेल तर कोर्ट बऱ्याचदा व्याजासकट सगळी रक्कम भरायला सांगतं. सरकारी खातं आहे म्हणून सूट मिळत नाही, हे २०१९ च्या पॅम डेव्हलपमेंट्समध्ये स्पष्ट झालंय. त्यामुळे वकिलाच्या फीच्या आधी बँकेशी बोला. व्याजही धावत असतं, अवॉर्डमध्ये दर दिला नसेल तर चालू दराच्या वर दोन टक्के.

आणि जिंकलात तर काय मिळतं ते आधी कळू द्या. अवॉर्ड रद्द झाला म्हणजे तुमचा फेटाळलेला क्लेम मंजूर झाला असं नाही, बहुतेक वेळा परत नवीन लवाद, परत पहिल्यापासून. मधला वेळ मुदतीतून वगळतात एवढाच दिलासा. २०२५ च्या एप्रिलमध्ये घटनापीठाने चार विरुद्ध एक मताने मर्यादित बदल करायला परवानगी दिली, म्हणजे वाईट भाग वेगळा काढता येत असेल तर तेवढाच कापायचा, लिखाणातली चूक सुधारायची, अवॉर्डनंतरच्या व्याजात दुरुस्ती करायची. म्हणून अर्जातच पर्यायी मागणी लिहा की पूर्ण रद्द होत नसेल तर निदान क्लेम ४ तरी काढा.

हरलात तर कलम ३७ खाली अपील, व्यावसायिक वादात ६० दिवस. बोरसे ब्रदर्सच्या २०२१ च्या निकालात महाराष्ट्र सरकारचं अपील त्यापुढे १३१ दिवस उशिरा होतं, सुप्रीम कोर्टाने उशीर माफ केला नाही.