घरची माणसं बोटीवर येण्याआधी: सेशेल्समधल्या आठ दिवसांची तयारी

एप्रिल संपता संपता आपल्याकडे मुलांच्या परीक्षा आटोपतात आणि नेमका त्याच सुमारास सेशेल्सचा दर्याही निवांत होतो. वायव्येचा मोसमी वारा गेलेला असतो, आग्नेयेचा अजून धरलेला नसतो. घरच्यांना बोटीवर बोलवायचं तर याच दिवसांत. जुलै-ऑगस्टात आग्नेयेचा वारा भरात असतो. तेव्हा माहे बेट ते प्रालँ बेट हा साधारण ४५ किलोमीटरचा मोकळा पट्टा सत्तरीतल्या आईवडिलांना घेऊन ओलांडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिकिटं काढली की आधी सामानाचं बोलून घ्या. चाकांच्या कडक बॅगा बोटीवर कुठेच मावत नाहीत. माणशी एक, घडी होणारी कापडी बॅग. व्हिसा आधी काढावा लागत नाही, पण प्रवासाची ऑनलाइन परवानगी निघण्यापूर्वी घ्यावी लागते. आईबाबांचा तो फॉर्म आपणच भरावा. आणि आंब्याची पेटी नको, हे दोनदा सांगा. ताजी फळं, रोपं, बिया परवान्याशिवाय इथे उतरवू देत नाहीत. मेतकूट मात्र पाकीटबंद मागवा. ज्याला बोट लागली आहे त्याच्या पोटात आसट मेतकूट-भाताइतकं दुसरं काही टिकत नाही.

बोट लागण्यावरच्या गोळ्या घरच्या डॉक्टरांना विचारूनच आणायला सांगा, कारण वयस्कर माणसांची रक्तदाबाची औषधं चालू असतात. गोळी मळमळायला लागल्यावर नाही, निघण्याआधी घ्यायची. सोबत आलेपाक. मुलांना खाली केबिनमध्ये मोबाइल बघत बसू देऊ नका. वर मोकळ्या हवेत, नजर लांब क्षितिजावर.

खरा वेळ द्या तो डिंगीला. आमची कॅटमरान (जोड-सांगाड्याची शिडाची बोट) ३८ फुटी, ऐसपैस आहे, पण किनाऱ्यावर जायचं म्हणजे दर वेळी त्या छोट्या रबरी होडीत उतरणं आलं. गेल्या वर्षी बाबांचा एक पाय शिडीवर होता, दुसरा डिंगीत, आणि डिंगी वीतभर, मग हातभर मागे सरकायला लागली. ताईने दंड धरला म्हणून निभावलं. तेव्हापासून आमच्याकडे नियम असा: डिंगी पुढून आणि मागून, दोन्हीकडे बांधायची. उतरणाऱ्याचे हात रिकामे. पिशवी, चपला, चष्म्याचं घर सगळं नंतर द्यायचं. आधार देताना बोटं धरायची नाहीत, मनगटाला मनगट धरायचं. पाय डिंगीच्या कडेवर नाही, मधोमध. टेकल्याबरोबर बसायचं. पहिल्या दिवशी धक्क्याजवळच्या शांत पाण्यात प्रत्येकाकडून हे तीन-चार वेळा करून घ्या. मुलांची लाइफजॅकेटं त्यांच्या वजनाची हवीत, आणि ती घालून एकदा पाण्यात तरंगून बघायला हवं.

संडासाचंही असंच हाताने दाखवून द्या. पाणी ओढायच्या पंपाचा दांडा किती वेळा मारायचा, कागद कुठे टाकायचा. संकोचापोटी लोक विचारत नाहीत, आणि तुंबलं की सगळ्यांचाच दिवस जातो. पाण्याचं गणितही पहिल्याच दिवशी सांगा: समुद्रात डुंबून आल्यावर गोड्या पाण्याचा एक तांब्या, बास. कुकर जरूर ठेवा. झाकण बंद असतं, हिंदकळलं तरी सांडत नाही, गॅस वाचतो. बाजारात नीरफणस मिळतोच. आई त्याच्या कापा करून रवा लावून तव्यावर टाकते, तेव्हा मला बोटीवर घरचा वास येतो.

बेटं कमी धरा. पहिली रात्र माहेवरच्या राजधानी व्हिक्टोरियासमोरच्या सेंट ॲन बेटापाशी काढा. कुणाला सोसलं नाही तर परतायला बंदर समोरच आहे. मग चार-पाच तासांत प्रालँ. व्हाले द मेचं जंगल (१९८३ पासून जागतिक वारसा) सकाळी उन्हाआधी बघा; तिथले जहरी नारळ (कोको-द-मेर), जे कधीकाळी वाहत आपल्या किनाऱ्यांना लागायचे, झाडावर लटकलेले बघून बाबा बराच वेळ तिथून हलले नव्हते. विकत घ्यायचा तर सरकारी कागदपत्रांसह. क्युरियूज बेटावर महाकाय कासवं मोकळी फिरतात, मुलांसाठी एक अख्खा दिवस ठेवा. कझिन बेटावर आपली डिंगी लावता येत नाही, तिथल्या रक्षकांचीच होडी न्यायला येते.

कुठेही जा, दुपारी तीनच्या आत पोचा. ऊन डोक्यावर असलं की पाण्यातलं प्रवाळ तपकिरी दिसतं आणि नांगर स्वच्छ वाळूत टाकता येतो. सव्वासहाच्या सुमारास सूर्य बुडतो, आणि मग अंधार झपाट्याने पडतो. आईबाबांच्या उशाशी टॉर्च ठेवा, पायऱ्यांच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवा. आणि झोपण्याआधी सांगून ठेवा की रात्री नांगराची साखळी तळाशी घासून गुरगुरल्यासारखा आवाज येतो, तो असाच येतो. नाहीतर बाबा पहाटेपर्यंत वर येऊन बसतात.