‘जायचो’ आणि ‘गेलो’ : नोकरी सांभाळून स्पॅनिशची उजळणी

डेले ए२ ही स्पॅनिशची प्राथमिक पातळीची परीक्षा द्यायची ठरवली तेव्हा बेत साधा होता. शनिवारी क्लास, रविवारी दोन तास बसून आठवड्याची वही वाचून काढायची. दीड महिना हे इमानेइतबारे केलं. वाचताना सगळं ओळखीचं वाटायचं. मग एका शनिवारी बाईंनी स्पॅनिशमध्ये विचारलं, "काल काय केलंस?" आणि तोंडातून एक क्रियापद फुटेना.

तेव्हापासून वही मिटूनच उजळणी करतो. चिठ्ठीच्या एका बाजूला मराठी वाक्य, मागे स्पॅनिश. चुकलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, जमलं तर तीन दिवसांनी, मग आठवड्याने. ‘अँकी’ हे अ‍ॅप हा हिशोब आपोआप ठेवतं. पण ठाण्याहून सकाळच्या लोकलमध्ये फोन हातात धरायला जागा असते कुठे! म्हणून मी स्वतःच्या आवाजात रेकॉर्डिंग केलं : मराठी वाक्य, चार सेकंद शांतता, मग स्पॅनिश. त्या चार सेकंदांत मनातल्या मनात उत्तर द्यायचं.

वाक्यं इंग्रजीतून घेऊ नका, उगाच वळसा पडतो. ‘मला आंबे आवडतात’ हे ‘मे गुस्तान लोस मांगोस’ असं जवळपास जसंच्या तसं उतरतं. क्रियापद तिथेही आंब्यांमागेच जातं. भूतकाळाचंही तेच. ‘लहानपणी गावी जायचो’ म्हणजे ‘ईबा’, ‘गेल्या वर्षी गावी गेलो’ म्हणजे ‘फुई’. व्याकरणाची दोन पानं मला ‘जायचो’ने वाचवली. ‘असणे’साठीच्या ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोन क्रियापदांना मात्र मराठी कामाची नाही. ‘मी मराठी आहे’ आणि ‘मी ठाण्यात आहे’, आपल्याकडे दोन्हीकडे ‘आहे’च, स्पॅनिशमध्ये पहिल्याला ‘सोय’, दुसऱ्याला ‘एस्तोय’. अशा चिठ्ठ्या भरपूर करा.

ऐकण्याचा सराव टाळू नका. परीक्षेत वाचन-लेखनाचा एक गट, श्रवण-संभाषणाचा दुसरा. प्रत्येकात ५० पैकी ३० गुण लागतात. एकातली कमाई दुसऱ्याला पुरवता येत नाही.

मार्चअखेरीला ऑफिसात दोन आठवडे मान वर करायला फुरसत नव्हती. चिठ्ठ्यांचा ढीग साचला. एका बैठकीत उपसायला गेलो आणि वैतागून आठवडाभर हातच लावला नाही. आता कितीही साचू दे, रोज वीसच. ‘पोर’ आणि ‘पारा’ (ढोबळमानाने दोन्ही म्हणजे ‘साठी’) यांच्या चिठ्ठ्या अजून रोजच्या गठ्ठ्यातून हललेल्या नाहीत.