डॅशकॅम फ्यूज बॉक्सला कसा जोडावा: मूळ वायर न कापता, बॅटरी न उतरवता

डॅशकॅम विकत घेतला की बहुतेक जण तो लायटरच्या सॉकेटला लावून मोकळे होतात. कॅमेरा चालतो, पण वायर डॅशबोर्डवरून लोंबत राहते, सॉकेट अडकून पडतं आणि किल्ली काढली की रेकॉर्डिंग थांबतं. गाडीला ओरखडे पडतात, बंपर चेपतो तो बहुतेक वेळा आपण गाडीत नसतानाच: सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मंडईबाहेर, लग्नाच्या हॉलसमोर. तेव्हाही कॅमेरा जागा राहायला हवा असेल तर त्याला थेट गाडीच्या विजेवर घ्यावं लागतं.

अॅक्सेसरीच्या दुकानात हे काम पंधरा-वीस मिनिटांत करून देतात. पण अनेकदा तिथे एखादी मूळ वायर सोलून तिला जोड मारतात आणि वरून काळी टेप गुंडाळतात. उन्हाळ्यात त्या टेपचा गोंद वितळतो, जोड उघडा पडतो आणि शॉर्ट झाला तर मध्ये अडवायला वेगळा फ्यूजही नसतो. शिवाय कापलेली वायर दिसली की वॉरंटीच्या वेळी वाद होतो. म्हणून एक नियम आधीच पक्का करा: गाडीच्या मूळ वायरिंगला ब्लेड लावायचं नाही. वीज घ्यायची ती फ्यूज बॉक्समधूनच आणि तीही स्वतंत्र फ्यूजमधून. हे घरी करता येतं, एक निवांत दुपार पुरते.

काय काय लागेल

मुख्य वस्तू म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीचं हार्डवायर किट. त्यात एक छोटी डबी असते. ती गाडीचे १२ व्होल्ट उतरवून कॅमेऱ्याला लागणारे ५ व्होल्ट देते आणि बॅटरी ठरावीक पातळीच्या खाली गेली की कॅमेरा बंद करते. डबीतून तीन वायरी निघतात. बहुतेक किटमध्ये पिवळी कायम वीज असलेल्या ठिकाणी, लाल किल्ली फिरवल्यावरच वीज येते तिथे आणि काळी अर्थिंगला जाते. तरी रंगांवर विसंबू नका, किटसोबतचा कागद वाचा. बिननावाची स्वस्त डबी घेऊ नका. तिच्यामुळे रेडिओत खरखर येऊ शकते आणि बॅटरी वाचवणारा कट-ऑफ तिच्यात असेलच असं नाही.

सोबत दोन फ्यूज टॅप हवेत. टॅप मूळ फ्यूजच्या जागी बसतो. त्यात दोन खाचा असतात, एकीत मूळ फ्यूज आणि दुसरीत कॅमेऱ्याचा. टॅप घेण्याआधी गाडीतला एक फ्यूज काढून सोबत न्या, कारण मिनी, लो-प्रोफाइल मिनी, मायक्रो असे आकार वेगवेगळे असतात आणि चुकीचा टॅप ढिला बसतो किंवा बसतच नाही. कॅमेऱ्यासाठी २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज पुरतो. राखाडी २ चा, जांभळा ३ चा. मल्टीमीटर मात्र हवाच, साधा स्वस्तातला चालेल. टेस्टर पेनने दिवा लागतो, पण व्होल्ट किती ते कळत नाही आणि इथे आकडाच महत्त्वाचा आहे. बाकी १० नंबरचा पाना, प्लॅस्टिकची पट्टी, पक्कड, केबल टाय आणि कापडी टेप.

फ्यूज निवडणं: खरं काम इथेच आहे

आपल्याकडच्या गाड्यांत आतला फ्यूज बॉक्स बहुधा स्टिअरिंगच्या खाली उजव्या हाताला, चालकाच्या गुडघ्याजवळच्या झाकणामागे असतो. काही गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे सापडतो. कुठला फ्यूज कशाचा याचा तक्ता झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा मॅन्युअलमध्ये असतो. इंजिनजवळच्या फ्यूज बॉक्सच्या वाटेला जाऊ नका. तिथून आत यायचं तर वायर इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून काढावी लागते आणि पावसाळ्यात पाणी आत यायला वाट होते.

काही फ्यूजना हात लावायचाच नाही: एअरबॅग, एबीएस, इंजिनचा कंट्रोलर, फ्युएल पंप, पॉवर स्टिअरिंग, हेडलाइट. तिथे संपर्क जरा ढिला झाला तरी चालत्या गाडीत धोका आहे. लाल वायरसाठी १२ व्होल्ट सॉकेटचा किंवा ऑडिओचा फ्यूज बघा. पिवळीसाठी केबिनच्या दिव्याचा किंवा सेंट्रल लॉकिंगचा. मूळ फ्यूज १० किंवा १५ अँपिअरचा असावा आणि टॅपवर लिहिलेल्या मर्यादेत बसावा. पंचवीस-तीस अँपिअरच्या मोठ्या फ्यूजवर टॅप लावू नका.

आता मोजायला घ्या. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी पिन गाडीच्या उघड्या धातूच्या बोल्टला टेकवा. प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात, लाल पिन त्यांवर टेकवा. किल्ली बंद असताना साधारण १२.५ दिसले तर तो कायम वीज असलेला फ्यूज. किल्ली बंद असताना शून्य आणि अॅक्सेसरीवर फिरवल्यावर १२ आले तर तो लाल वायरसाठी.

नव्या गाड्यांत इथे एक गफलत होते. किल्ली काढल्यावरही काही सर्किट बराच वेळ जागी राहतात आणि गाडी लॉक केल्यावर हळूहळू झोपतात. तुम्ही लगेच मोजलंत तर कायम वीज आहे असं वाटतं, पार्किंग मोड, म्हणजे गाडी बंद असतानाचं रेकॉर्डिंग, सुरूही होतो आणि थोड्या वेळाने कॅमेरा गप्प. म्हणून निवडलेला फ्यूज पुन्हा मोजा, पण गाडी लॉक करून अर्धा तास गेल्यावर. त्यासाठी दार उघडून दाराचा खटका पेचकसाने बंद स्थितीत दाबा आणि मग लॉक करा, म्हणजे गाडीला दार बंद आहे असंच वाटेल. मोजून झालं की आधी अनलॉक करून खटका पुन्हा उघडा आणि मगच दार लावा.

टॅप कुठल्या बाजूने बसवायचा

फ्यूज काढला की खाली दोन खाचा दिसतात. एकीत बॅटरीकडून वीज येते, दुसरीतून ती पुढे उपकरणाकडे जाते. टॅप योग्य बाजूने बसला तर दोन्ही फ्यूज आपापलं काम स्वतंत्रपणे करतात. उलटा बसला तरी कॅमेरा चालतो, पण त्याची वीज मूळ फ्यूजमधूनही जाते आणि दोन्हींचा भार त्या एकावर पडतो. वरवर काहीच बिघडलेलं दिसत नाही, त्यामुळे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

तपासायची युक्ती सोपी आहे. टॅपमध्ये फक्त कॅमेऱ्याचा छोटा फ्यूज घाला, मूळ फ्यूजची खाच रिकामी ठेवा आणि टॅप बसवा. टॅपच्या वायरच्या टोकाला वीज आली तर बाजू बरोबर. नाही आली तर टॅप काढून उलटा फिरवा. मग मूळ फ्यूज त्याच्या खाचेत घाला. लाल वायरच्या टॅपसाठी ही चाचणी करताना किल्ली फिरवलेली ठेवा, पण टॅप काढण्या-घालण्याआधी किल्ली बंद करा.

मग किटची वायर साधारण ६-७ मिलिमीटर सोलून टॅपच्या नळीत सरकवा, पक्कडीने घट्ट दाबा आणि ओढून बघा. ओढल्यावर सुटली तर पुन्हा करा. खड्ड्यांच्या रस्त्यावर ती आज ना उद्या सुटणारच.

काळ्या वायरच्या टोकाला काट्यासारखं टर्मिनल असतं. जवळपासचा, थेट गाडीच्या पत्र्यात गेलेला बोल्ट शोधा, थोडा ढिला करा, टर्मिनल त्याखाली घालून घट्ट आवळा. प्लॅस्टिकमध्ये गेलेला किंवा रंग चढलेला बोल्ट चालणार नाही. कॅमेरा मधूनच बंद-चालू होत असेल तर सगळ्यात आधी हीच जागा तपासा.

वायर काचेपासून खाली आणणं

कॅमेऱ्याची जागा मधल्या आरशामागे, शेजारच्या सीटच्या बाजूला ठेवलेली बरी. चालकाच्या नजरेत येत नाही आणि वायपर फिरतो त्या भागात राहते. आपल्याकडे फास्टॅगही तिथेच चिकटवलेला असतो, त्यावर कॅमेरा येऊ देऊ नका. गाडीत एडास, म्हणजे कॅमेऱ्याने रस्ता बघून चालकाला मदत करणारी यंत्रणा, असेल तर त्याच्या कॅमेऱ्यासमोरचा काचेचा भाग पूर्ण मोकळा हवा.

तिथून वायर छताच्या अस्तराच्या कडेत बोटाने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने सरकवत काचेच्या कोपऱ्यापर्यंत न्या. मग येतो काचेच्या कडेचा खांब, म्हणजे ए पिलर, आणि इथे घाई नको. पिलरच्या कव्हरवर एअरबॅगची खूण असेल तर पडदा एअरबॅगचं, म्हणजे बाजूच्या खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या बॅगचं, पुढचं टोक त्याच्या आत येतं. ह्युंदाईने २०२३ पासून भारतातल्या सगळ्या मॉडेल्समध्ये सहा एअरबॅग दिल्या, आणि इतर कंपन्यांच्या गाड्यांतही आता त्या सर्रास असतात. वायर एअरबॅगच्या पुढून किंवा वरून गेली तर बॅग उघडताना ती आडवी येऊ शकते. ती नेहमी बॅगच्या मागून, मूळ वायरांच्या गुच्छाला केबल टायने बांधूनच न्यावी. काही गाड्यांत हे कव्हर धरणारी क्लिप एकदाच वापरायची असते, काढली की नवी घालावी लागते. आत बॅग नेमकी कशी बसवली आहे हे समजत नसेल तर एवढा एक टप्पा सर्व्हिस सेंटरमध्ये करून घ्या. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला घरी हात लावायचा नाही. सनरूफ असेल तर छतावरचं पाणी खाली नेणाऱ्या नळ्या बऱ्याच गाड्यांत याच पिलरमधून जातात. त्या दबल्या की पहिल्या मोठ्या पावसात पायाखालचा गालिचा भिजतो.

पुढचं सोपं आहे. दाराच्या चौकटीचं रबर हाताने थोडं बाहेर ओढा, वायर त्याच्या आतल्या बाजूला बसवा आणि रबर पुन्हा दाबा. रबर आणि पत्र्याच्या धारेमध्ये वायर अडकली तर तिथून पाणी झिरपतं. उरलेली वायर गुंडाळून डबीसकट डॅशबोर्डखाली घट्ट बांधा. क्लच-ब्रेकच्या पेडलांच्या आणि स्टिअरिंगच्या दांड्याच्या जवळ काहीही लोंबता कामा नये. टेप कापडीच घ्या, ती उष्णतेत टिकते आणि खडखडाटही होऊ देत नाही.

इलेक्ट्रिक गाडीतही हेच काम १२ व्होल्टच्या फ्यूज बॉक्समधूनच होतं. नारिंगी वायरी मात्र हाय-व्होल्टेजच्या असतात, त्यांच्या आसपासही जायचं नाही.

कट-ऑफ किती ठेवायचा

विश्रांतीत असलेली पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास ती निम्मी उतरलेली असते. एका कॅमेऱ्याला साधारण ३ ते ५ वॅट लागतात, म्हणजे १२ व्होल्टवर पाव ते ०.४ अँपिअर. छोट्या हॅचबॅकमध्ये बऱ्याचदा ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. रात्रीच्या दहा तासांत त्यातले तीन-चार जातील, सकाळी गाडी बिनतक्रार सुरू होईल. पण गाडी दोन दिवस जागेवरून हलली नाही तर बॅटरी निम्म्यावर येते आणि मागचाही कॅमेरा असेल तर त्याआधीच.

किटमध्ये ११.६, १२.०, १२.२, १२.४ असे पर्याय असतात. माझं मत स्पष्ट आहे: ११.६ कधीच नको. रोज चालणाऱ्या गाडीला १२.२ ठेवा. बॅटरी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल किंवा गाडी फक्त शनिवार-रविवारी निघत असेल तर १२.४. रेकॉर्डिंगचे चार तास कमी झाले तरी चालेल, सकाळी सातला स्टार्टर फिरला पाहिजे.

जोडणी झाली की किल्ली फिरवा. कॅमेरा नेहमीच्या मोडमध्ये सुरू व्हायला हवा आणि इंजिन चालू केल्यावर बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट दिसायला हवेत. किल्ली काढल्यावर कॅमेरा पार्किंग मोडमध्ये गेला पाहिजे. तो पूर्ण बंद पडला तर पिवळी वायर चुकीच्या फ्यूजवर आहे किंवा सेटिंगमध्ये पार्किंग मोडच बंद आहे. तो नेहमीच्याच मोडमध्ये चालू राहिला तर लाल वायर कायम विजेवर लागली आहे.

तारीख-वेळ अचूक लावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि चुकीची वेळ दाखवणाऱ्या व्हिडिओवर समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवेल. अपघात झाल्यास मेमरी कार्ड ताबडतोब काढून तसंच जपा, नाहीतर त्यावर नवं रेकॉर्डिंग चढेल. कार्ड हाय एंड्युरन्स, म्हणजे सततचं रेकॉर्डिंग सोसणाऱ्या, प्रकारचंच घ्या. कॅमेरा अजून घ्यायचा असेल तर आत लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (वीज साठवणारा, उष्णता जास्त सोसणारा भाग) असलेला बघा. विदर्भाच्या मे महिन्यात बंद गाडीच्या काचेमागची उष्णता लिथियम बॅटरी फुगवते.

पहिला आठवडाभर सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॅटरीचे व्होल्ट मोजा. आकडा १२.२ च्या खाली जात असेल तर कट-ऑफ एक पायरी वर न्या. कुठल्या दोन फ्यूजवर टॅप आहेत ते कागदावर लिहून फ्यूज बॉक्सच्या झाकणात आतून चिकटवा, म्हणजे पुढच्या वेळी गाडी बघणाऱ्या मेकॅनिकला शोधत बसावं लागणार नाही. आणि गणपतीला रेल्वेने गावी जाणार असाल, गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार असेल, तर निघण्यापूर्वी पिवळ्या वायरच्या टॅपमधला कॅमेऱ्याचा छोटा फ्यूज काढून ठेवा.