जॅझचे अल्बम सुचवताय? या चुका टाळा

"जॅझ ऐकायचंय, कुठून सुरू करू?" असं कुणी विचारलं की आपल्यातला जाणकार जागा होतो आणि वीस नावांची यादी धाडून मोकळा होतो. ती यादी कुणी ऐकत नाही. साठच्या दशकातलं पोस्ट-बॉप (बॉप शैलीनंतरचं, लय-रचनेत अधिक मोकळं जॅझ) आणि सत्तरच्या दशकातलं फ्यूजन (रॉक-फंकशी जोडलेलं इलेक्ट्रिक जॅझ) यांत खजिना आहे खरा, पण नवखा श्रोता गळतो तोही इथंच. दोष बहुतेक वेळा सुचवणाऱ्याचा असतो.

'बिचेस ब्रू' आधी देणं

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा हा १९७० सालचा अल्बम प्रत्येक 'सर्वोत्तम' यादीत असतो, म्हणून तोच पुढे केला जातो. शीर्षक-रचनाच जवळपास २७ मिनिटांची. एकावर एक इलेक्ट्रिक पियानो, एकाहून अधिक ड्रमर आणि धरून ठेवायला गुणगुणण्याजोगी चाल नाही. ऐकणारा "गोंगाट आहे" म्हणतो आणि माइल्सचं दार कायमचं लावून घेतो.

त्याच्या ध्वनिमुद्रणाच्या सहा महिने आधी, फेब्रुवारी १९६९ मध्ये ध्वनिमुद्रित झालेला माइल्सचाच 'इन अ सायलेंट वे' आधी द्या. दोन बाजू, दोन लांब रचना, सगळं हलक्या आवाजात. निर्माता टिओ मासेरो यानं टेप कापून दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीचा तुकडा शेवटी जसाच्या तसा जोडला, त्यामुळे पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही आपण परत आलो हे कळतं. मात्र मूळ अल्बमच पाठवा. 'कंप्लीट सेशन्स' नावाचा मोठा संच अभ्यासकांसाठी ठीक आहे. नवख्याला त्यातलं न कापलेलं ध्वनिमुद्रण मिळालं तर मासेरोनं घडवलेला आकारच हरवतो.

अल्बमांची रांग लावणं

रांगेपेक्षा जोडी द्या. एकच राग दोन गवयांकडून ऐकून ताडायची सवय आपल्याकडच्या श्रोत्याला आहेच, तिचा उपयोग करा. सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टरची 'फूटप्रिंट्स' ही रचना १९६६ सालीच दोनदा ध्वनिमुद्रित झाली. शॉर्टरच्या स्वतःच्या 'ॲडम्स ॲपल'वर ती संथ आहे, बेसची आकृती ठाम, सहाची लय बोटांवर मोजता येते. काही महिन्यांनी माइल्सच्या 'माइल्स स्माइल्स'साठी तीच चाल वाजली तेव्हा बेसवादक रॉन कार्टर आणि ड्रमर टोनी विल्यम्स यांनी लय सहातून चारात आणि परत अशी हलवत ठेवली. पहिली ऐकल्याशिवाय दुसरीतली गंमत कळत नाही. पहिलीनंतर मात्र पोस्ट-बॉप म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही.

फ्यूजनसाठी पियानोवादक हर्बी हॅनकॉकचं 'वॉटरमेलन मॅन' घ्या. १९६२ च्या 'टेकिन ऑफ'वर ते सरळ, नाचरं आहे. १९७३ च्या 'हेड हंटर्स'वर तालवादक बिल समर्स बाटलीत फुंकर मारून सुरुवात करतो आणि चाल बऱ्याच उशिरा, निवांत उगवते. अकरा वर्षांत काय बदललं ते कानांनाच कळतं.

ऐकणारा कुठून आलाय हे न विचारणं

तबल्याच्या मैफिली ऐकणाऱ्याला थेट माइल्सचा 'नेफर्टिटी' द्यायला हरकत नाही, एरवी तो अवघड मानतात तरी. १९६७ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या त्या शीर्षक-रचनेत ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन एकच चाल पुन्हा पुन्हा वाजवतात, सोलो घेतच नाहीत. चाल म्हणजे लेहरा (तबल्याच्या साथीला फिरत राहणारी धून), आणि त्याखाली जो रंगतो तो एकवीस वर्षांचा टोनी विल्यम्स. एवढं एक वाक्य आधी सांगितलं की काम झालं. मात्रा मोजायची हौस असेल तर गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या फ्यूजन बँडचं 'बर्ड्स ऑफ फायर' द्या. आवाज मोठा आहे, तेही सांगून ठेवा.

झाकीर हुसेन आवडतात म्हणून त्यांचा आणि मॅक्लॉफलिनचा 'शक्ती' सुचवणं ही मात्र फसवी सोय. अल्बम सुंदरच आहे. पण मॅक्लॉफलिननं तिथं इलेक्ट्रिक गिटार बाजूला ठेवली, ड्रम्सचा संच नाही, व्हायोलिन आणि घटम् आपल्या ओळखीचे. श्रोता खूश होतो आणि तिथंच थांबतो. तिथून वेदर रिपोर्टसारख्या फ्यूजन बँडकडे वाट जात नाही.

सी. रामचंद्रांच्या गाण्यांमधलं ब्रास आवडतं म्हणणाऱ्याचा कान गोव्याच्या चिक चॉकलेटसारख्या वादकांच्या स्विंगवर घडलेला असतो. त्याला आधी ड्रमर आर्ट ब्लेकीचं 'मोनिन' द्या. शॉर्टर पुढे ब्लेकीच्याच बँडमध्ये होता, त्यामुळे नंतर शॉर्टरचं 'स्पीक नो इव्हिल' त्याला परकं वाटत नाही.

तरीही तक्रार आलीच तर

"सगळं एकसारखं वाटतं" म्हणणारा बहुधा मोबाइलच्या स्पीकरवर ऐकतोय. त्यावर रॉन कार्टरचा बेस जवळजवळ गायब होतो आणि या संगीताचा कणाच जातो. साधे हेडफोन पुरतात. शफल (गाण्यांचा क्रम बदलणं) आणि क्रॉसफेड (एक संपता संपता दुसरं सुरू होणं) बंद आहेत का, तेही विचारा. 'अ लव्ह सुप्रीम'चे चार भाग उलटसुलट लागले तर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनला बोल लावण्यात अर्थ नाही.

"फार गुळगुळीत आहे" ही तक्रार वेदर रिपोर्टच्या 'हेवी वेदर'बद्दल येते आणि ती अगदीच चुकीची नाही. अशा माणसाला ड्रमर बिली कॉबमचं 'स्पेक्ट्रम' द्या.

आणि "डोकं दुखलं" म्हणाला तर आठवडाभर काहीच पाठवू नका. मग 'स्पीक नो इव्हिल'मधलं 'इन्फन्ट आइज' एवढं एकच पाठवा. सात मिनिटांचंही नाही.