एफएएचं मेकॅनिक सर्टिफिकेट: आधी अनुभवाचे कागद, मग परीक्षा

अमेरिकेत विमानाची दुरुस्ती करून त्यावर स्वतःची सही करायची, तर एफएएचं, म्हणजे तिथल्या नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचं, मेकॅनिक सर्टिफिकेट लागतं. त्याचे नियम १४ सीएफआरच्या (अमेरिकी सरकारच्या नियमसंग्रहाच्या) पार्ट ६५ मध्ये आहेत. रेटिंग, म्हणजे कोणत्या भागाचं काम करता येईल ते, दोन: एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा) आणि पॉवरप्लांट (इंजिन); दोन्ही असली की त्याला 'ए अँड पी' म्हणतात. वय १८ पूर्ण हवं, इंग्रजी लिहिता-वाचता, बोलता आणि समजता यायला हवं.

बहुतेक जण सुरुवात प्रश्नसंच घोकण्यापासून करतात. गाडी अडते मात्र अनुभवाच्या कागदांवर.

पार्ट १४७ (विमान-दुरुस्ती शाळांचे नियम) खाली मान्यता असलेल्या शाळेतून कोर्स केला असेल तर हा प्रश्नच नाही. नसेल तर एका रेटिंगसाठी १८ महिने, दोन्ही एकदम हवी असतील तर ३० महिने प्रत्यक्ष काम दाखवावं लागतं. महिन्याला साधारण १६० तास धरतात, म्हणजे ३० महिन्यांचे ४,८०० तास. अर्धवेळ काम करणाऱ्यांनी म्हणून महिने नव्हे, तास मोजावेत.

'यांनी आमच्याकडे तीन वर्षं मेकॅनिक म्हणून काम केलं' एवढ्या पत्रावर एफएएच्या इन्स्पेक्टरचं समाधान होत नाही, कारण त्यातून काय केलं ते कळतच नाही. नोंद अशी ठेवा: तारीख, विमानाचं मॉडेल, 'डाव्या मुख्य चाकाची ब्रेक लायनिंग बदलली', लागलेले तास, देखरेख करणाऱ्याचा सर्टिफिकेट नंबर आणि सही. ही वही दर आठवड्याला भरा. सुपरवायझर नोकरी सोडून गेला की जुन्या कामावर त्याची सही मिळवताना नाकी नऊ येतात. विमान धुणं, इंधन भरणं यांचे तास यात घुसडू नका.

मग अर्जाच्या, म्हणजे फॉर्म ८६१०-२ च्या, दोन मूळ प्रती आणि हे कागद घेऊन एफएएच्या फील्ड ऑफिसात जा. इन्स्पेक्टर मुलाखत घेतो, पटलं तर सही करतो. त्या सहीवरच लेखी परीक्षेला बसता येतं. अमेरिकेचा नागरिक किंवा तिथला कायम रहिवासी नसलेल्याला देशाबाहेर हे सर्टिफिकेट तेव्हाच देतात, जेव्हा अमेरिकेत नोंदलेल्या विमानासाठी त्याची गरज असते.

परीक्षेच्या बुकिंगआधी आयाक्रा या एफएएच्या ऑनलाइन अर्जांच्या संकेतस्थळावरून एफटीएन नंबर (तुमचा ओळख क्रमांक) काढा. लेखीचे पेपर तीन: जनरलला (दोन्ही रेटिंगना लागणारे सामान्य विषय) ६० प्रश्न, एअरफ्रेम आणि पॉवरप्लांटला १००-१००. वेळ प्रत्येकी २ तास, पास व्हायला ७० टक्के. नापास झालात तर ३० दिवस थांबा, नाहीतर पुन्हा शिकवल्याचं तेच सर्टिफिकेट आणि रेटिंग असलेल्याकडून सहीनिशी लिहून आणा. कॉपी करताना सापडलात तर वर्षभर दार बंद. लेखी, तोंडी, प्रात्यक्षिक असं सगळं २४ महिन्यांत उरकायचं असतं; लेखी देऊन निवांत बसणारे इथेच फसतात.

तोंडी आणि प्रात्यक्षिक डीएमई, म्हणजे एफएएने नेमलेला परीक्षक, घेतो. सेफ्टी वायर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून पीळ देऊन बांधलेली तार, साधी वाटते, पण हमखास चुकते. ०.०३२ इंची तारेला इंचामागे ६ ते ८ पीळ हवेत, आणि तार बोल्टला घट्ट होण्याच्या दिशेनेच ओढणारी हवी. उलटी बांधली तर पीळ कितीही देखणे असले तरी काम वाया. पाठांतरावर टॉर्क (बोल्ट किती जोराने आवळायचा ते माप) सांगू नका, मॅन्युअल उघडा.

पास झाल्यावर मिळणारं तात्पुरतं सर्टिफिकेट जास्तीत जास्त १२० दिवस चालतं. पक्क्याला मुदत नाही, तरी सहीचा अधिकार वापरायला मागच्या २४ महिन्यांत साधारण ६ महिने काम केलेलं असावं लागतं. जे काम आधी कधी नीट करून दाखवलेलं नाही, त्यावर एकट्याने सही करता येत नाही. पत्ता बदलला तर ३० दिवसांत कळवा. मुदत उलटली की कळवेपर्यंत तुमची सही चालत नाही.